नोकरी सांभाळून दर आठवड्याला लिहायचं तर

मी एका सहकारी बँकेत काउंटरवर बसते आणि तालुक्याच्या एका साप्ताहिकात सदर लिहिते. नव्यानं लिहू पाहणारे, त्यातही नोकरीवाले, भेटले की हमखास विचारतात, ‘दर आठवड्याला विषय सुचतो तरी कुठून?’ खरं सांगायचं तर लिहायला बसल्यावर मलाही सुचत नाही. तेव्हा तो आधीच जमा असावा लागतो. सुचण्याची वाट बघणाऱ्यांचा लेख दसऱ्याला एक आणि दिवाळीला एक, एवढाच होतो.

फोनमध्ये माझी टिपणं असतात. त्यातलं एक जसंच्या तसं देते: ‘अंगठा उठत नाही. ऊसतोड. ओलं फडकं. तिसऱ्यांदा. माजाच हाय की वो अंगठा.’ बस, एवढंच. आधारची पडताळणी करताना कष्टाची कामं करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन त्यांना ओळखत नाही. मग बोट ओल्या फडक्यानं पुसायचं, जरा दाबून धरायचं, नाहीच जमलं तर दुसरं बोट लावायचं. मागची रांग चुळबुळ करते आणि समोरचा माणूस आपला अंगठा आपलाच असल्याची ग्वाही देत राहतो. शनिवारी यातून पानभर मजकूर सहज झाला. त्या जागी मी ‘ग्रामीण भागातील डिजिटल अडचणी’ असं टिपून ठेवलं असतं, तर शनिवारी त्या शीर्षकाकडे नुसती बघत बसले असते. टिपणात विषयाचं नाव घालू नका. काय दिसलं आणि कानावर काय पडलं, ते घाला. माणसाचं नाव, गाव, खातं यातलं काहीही मात्र टिपणातसुद्धा नको. आमच्या धंद्यात तर मुळीच नको.

सवयीबद्दल बोलायचं तर २१ दिवसांचा मंत्र छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा यावरचा अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात लोकांनी फळ खाणं, पाणी पिणं, व्यायाम करणं अशी एखादी गोष्ट रोजच्या ठरावीक प्रसंगाला जोडून घेतली होती. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसात फरक तर १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. मला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. आठवड्यातून एकदा करायचं काम अंगात मुरायला फार वेळ लागणार. म्हणून सवय लावायची ती टिपणाची. ते रोजचं आहे आणि दोन मिनिटांचं आहे. मी ते संध्याकाळी कॅश जुळल्यावर, एसटीत बसल्या बसल्या करते. लेखाला सवय लागत नाही, त्याला वेळ राखून ठेवावा लागतो आणि संपादकाचा तगादा लागतो. तगादा लावणारं कोणी नसेल तर एखाद्या मैत्रिणीला वार ठरवून द्या आणि तिला खडूसपणे विचारायला सांगा.

लांबीचा धसका घेणाऱ्यांनी लोकहितवादींची शतपत्रं जरूर चाळावीत. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. वयाच्या पंचविशीत, १८४८ साली, त्यांनी मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ही पत्रं लिहायला घेतली आणि १८५० पर्यंत ती १०८ झाली. बरीचशी पत्रं आटोपशीर आहेत आणि तेच तेच विषय पुन्हा पुन्हा येतात. पुनरुक्तीला भिऊन लिहिणं थांबवणाऱ्यांना मी नेहमी हाच दाखला देते. दरवेळी नवं काही सांगण्याचा हट्ट धरला की चौथ्या-पाचव्या लेखाला माणूस गार पडतो.

टायपिंगचा कंटाळा असेल तर फोनवर मराठीत बोलून लिहून घ्या. विरामचिन्हं मागाहून घालावी लागतात, जोडाक्षरांचे विनोद होतात, पण पहिला खर्डा पडतो. तो मोठ्यानं वाचला की कुठे आपण भाषण ठोकतोय ते लगेच कळतं. तेवढं कापायचं. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. आधीच ऱ्हस्व-दीर्घ बघत बसलात तर दुसरा परिच्छेद उजाडत नाही.

आणि दोन लेख कायम राखीव ठेवा. बँकेत मार्च एंडला घरी जायला किती वाजतील याचा भरवसा नसतो. तेव्हा लिहिणं बाजूलाच, जेवायचं भानही राहत नाही. तुमच्याकडे ते परीक्षेचे पेपर असतील, सुगी असेल, घरातलं आजारपण असेल. सुट्टीच्या आठवड्यात एकाऐवजी दोन लेख लिहून एक बाजूला टाकला की साठा होतो. त्यात सणवार, निवडणूक, ऊन-पाऊस यातलं काही येऊ देऊ नका. पावसाची वर्णनं असलेला लेख ३१ मार्चला काही कामाचा नसतो.