पावसाळ्यात वन-रूम-किचनमध्ये कपडे कसे वाळवावेत

डोंबिवलीतलं आमचं घर वन-रूम-किचन. माणसं चार, त्यातली दोन शाळेत जाणारी. घरात कपड्यांचं खातं माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैत धाकटीच्या कमरेवर गजकर्ण उठलं. डॉक्टरांनी मलम लिहून देताना पहिला प्रश्न विचारला, "कपडे पूर्ण वाळलेले असतात का?" नव्हते. वरून कोरडे लागायचे, पण स्कर्टच्या पट्ट्यात ओल राहायची आणि मी त्यावर इस्त्री फिरवून तोच स्कर्ट तिला घालत होतो. तेव्हापासून हे काम मनावर घेतलं. जे उपयोगी पडलं ते इथे क्रमाने देतो.

आधी एक हिशेब बघा, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. कपड्यातलं पाणी हवेत जातं, आणि हवेत जागा असेल तेवढंच जातं. जुलैत मुंबई-ठाण्याकडे आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा वेळी दहा बाय दहाच्या बंद खोलीतली सगळी हवा मिळून आणखी शंभर-सव्वाशे ग्रॅम पाणी घेऊ शकते. म्हणजे अर्धा पेला. मशीनमधून पिळून निघालेल्या चार किलो कपड्यांत दोन लिटरच्या आसपास पाणी उरलेलं असतं. खिडक्या लावून पंखा कितीही जोरात सोडला तरी तीच ओली हवा कपड्यांवर फिरत राहते. दोन लिटर पाणी घराबाहेर जायचं तर खोलीतली हवा निदान वीस वेळा बदलायला हवी. म्हणून कपड्यात पाणी कमी उरू द्यायचं आणि हवा बदलत ठेवायची, एवढीच दोन कामं आहेत.

१. धुण्याआधी

रविवारी आठवड्याचं धुणं एकदम काढायची सवय पावसाळ्यापुरती सोडा. रोज किंवा एक दिवसाआड, दोरीवर सुटसुटीत मावतील इतकेच कपडे धुवा. घामाचे आणि पावसात भिजलेले कपडे धुण्याच्या टोपलीत कोंबू नका. धुवायला वेळ असला तरी ते बाहेरच टांगून ठेवा.

जाड टर्किश टॉवेल जूनमध्येच कपाटात ठेवून द्या आणि चार महिने सुती पंचे वापरा. पंचा पंख्याखाली काही तासांत वाळतो. टॉवेल दुसऱ्या दिवशीही आंबूसच राहतो. जीन्सचंही तेच, पावसाळ्यात पातळ पँटी बऱ्या.

२. धुताना

त्या कुबट वासाचं मूळ शिळ्या पाण्यापेक्षा कापडात उरलेल्या घामात आणि तेलकटपणात आहे. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हा वास तयार करणारा मुख्य जिवाणू शोधून काढला. त्याचं नाव मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. कापड वाळलं तरी तो तग धरतो. म्हणूनच कपाटातून काढलेला शर्ट कोरडा असतो, आणि अंगावर घालून थोडा घाम आला की पुन्हा वास मारतो. अत्तर किंवा सुगंधी फॅब्रिक कंडिशनर टाकून हा वास जात नाही. कंडिशनरचा थर टॉवेल-पंच्यांची पाणी टिपायची ताकद मात्र कमी करतो.

वास धरलेल्या सुती कपड्यांना गरम पाण्यात भिजवा. उकळतं पाणी आणि नळाचं पाणी समसमान मिसळलं की साधारण ६० अंशांचं पाणी मिळतं. बादलीत आधी गार पाणी घ्या, मग उकळतं ओता, आणि मुलांना लांब ठेवा. अर्ध्या तासाने नेहमीसारखं धुवा. रंग जाणारे, रेशमी किंवा लवचीक कपडे यात घालू नका. पावडर नेहमीपेक्षा जास्त नको, कारण न निघालेली पावडर मळ धरून ठेवते. रात्रभर भिजत घालणं पावसाळ्यात पूर्ण बंद. आणि मशीन थांबलं की कपडे लगेच बाहेर. दोन तास आत राहिले तर मी ते पुन्हा खळबळून काढतो.

३. पिळणे

सगळ्यात जास्त फायदा इथे होतो. जे पाणी मशीन पाच मिनिटांत बाहेर फेकतं, तेच हवेने काढायला सात-आठ तास जातात. नेहमीचं चक्र संपलं की कपडे हाताने सुटे करा आणि फक्त स्पिन पुन्हा एकदा लावा.

मशीन नसेल तर कपडे पिळून झाल्यावर कोरड्या पंच्यावर पसरा, पंच्यासकट घट्ट गुंडाळी करा आणि ती लादीवर ठेवून पायाने दाबा. पंचा जड झालेला हाताला कळतो. शाळेच्या गणवेशासाठी मी मशीन असूनही हे करतो. एक गणवेश, एक पंचा, दोन मिनिटं.

४. वाळत घालणे

जुन्या घरांत छताला टांगलेल्या दांडीवर काठीने लुगडी-धोतरं वाळत घालत. त्यात मोठं शहाणपण होतं. गरम हवा वर जाते, कपडे वाटेत येत नाहीत आणि पंख्याचा वारा लागतो. आज छताला लावायचे दोरी ओढून वर-खाली होणारे हँगर मिळतात. लहान घरात जमिनीवरच्या स्टँडपेक्षा ते केव्हाही चांगले.

प्रत्येक कपडा दोन-तीनदा जोरात झटका. दोन कपड्यांत चार बोटांचं अंतर ठेवा, ही अट मोडू नका. जागा कमी पडली तर दाटीवाटीने घालण्यापेक्षा चार कपडे दुसऱ्या दिवशी धुतलेले बरे. लांब आणि आखूड कपडे आलटूनपालटून लावा, म्हणजे मधून वारा जातो.

शर्ट रुंद खांद्याच्या हँगरला, बटणं उघडी. पँट उलटी करून, खिसे बाहेर काढून, कंबर गोल उघडी राहील असे चार चिमटे लावून. परकर, सलवार, पायजमा यांचा नेफा पाणी धरून बसतो, त्यामुळे नाडी काढून टाका आणि नेफा वरच्या बाजूला ठेवा. खाली ठेवलात तर सगळं पाणी त्यातच उतरतं. चादर दोरीवर दुहेरी घालू नका. दोन समांतर दोऱ्यांवर टाकून मध्ये पोकळी राहू द्या.

५. वारा

छताचा पंखा सरळ खाली वारा टाकतो, त्यामुळे कडेच्या कपड्यांना तो फारसा लागत नाही. त्यासाठी टेबलफॅन खाली ठेवा आणि तोंड वर, कपड्यांकडे तिरकं करा. माझी खूण साधी आहे: प्रत्येक शर्टाची बाही थोडी तरी हलली पाहिजे. जी हलत नाही, तो शर्ट उद्यापर्यंत ओला राहणार. दर दोन-तीन तासांनी आतले कपडे बाहेर आणि बाहेरचे आत करा.

पाऊस पडत असला तरी खिडकी चार बोटं उघडी हवीच, आणि समोरच्या बाजूला दुसरी वाट हवी. आमच्याकडे ती वाट म्हणजे न्हाणीघरातला एग्झॉस्ट. हॉलची खिडकी किलकिली, न्हाणीघराचं दार उघडं आणि एग्झॉस्ट चालू, म्हणजे हवा कपड्यांमधून ओढली जाते. उघडीप मिळाली की सगळ्या खिडक्या सताड उघडा.

एसी असेल तर उलट करा. दारं-खिडक्या पक्क्या लावा आणि ड्राय मोड सुरू करा, सोबत पंखा. एसीच्या पाइपखाली बादली ठेवून पाहा, हवेतून किती पाणी निघतं ते डोळ्यांना दिसेल. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, घेणार असाल तर त्यावर लिहिलेले दिवसाचे लिटर बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचे असतात, म्हणजे जवळजवळ आपल्याच पावसाळ्याचे. तोही बंद खोलीतच वापरायचा.

वाटीभर खडेमीठ ठेवा असं बरेच जण सुचवतात. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओल ओढतं हे खरं, पण दोन लिटर पाण्यापुढे एका वाटीचं काय चालणार?

स्वयंपाकघरात कपडे घालू नका. तिथे आधीच वाफ असते, शिवाय फोडणीचा वास कापडात बसतो. गॅसच्या वर तर कधीच नाही, चिमटा सुटला की आग. पूर्वी बाळाची दुपटी कोळशाच्या शेगडीवर टोपली उपडी घालून वाळवत. ते मोकळ्या, हवेशीर घरात ठीक होतं. फ्लॅटमध्ये कोळसा पेटवणं जिवावर बेतू शकतं, विषारी वायू साचतो.

६. वाळलं का, ते पाहणे

बोटांना फसायला होतं, गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत ओल आहे. शर्टाची कॉलर, काखेची शिवण, पँटचा पट्टा आणि खिशाचं टोक, मोज्याचा अंगठा, ब्राचा पट्टा, नेफा: एवढ्या जागा तपासल्याशिवाय कपडा उतरवू नका.

शेवटची किंचित ओल इस्त्रीने काढता येते. त्याच जागांवर उलट्या बाजूने, सावकाश. पण चांगला ओला कपडा इस्त्रीने वाळवायला जाऊ नका, वीज वाया जाते आणि आतली ओल तशीच राहते. मोजे आणि आतले कपडे यांचे पावसाळ्यात एक-दोन जोड जास्त ठेवा. सकाळी साडेसहाला ओला मोजा हातात घेऊन उभं राहावं लागू नये, त्याला दुसरा उपाय नाही.

इस्त्री केलेले कपडे गरम असतानाच घडी घालून कपाटात ठेवले तर त्यांची वाफ आत कोंडते. अर्धा तास पंख्याखाली राहू द्या, मग ठेवा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि आठवड्यातून एकदा, उघडीप असेल तेव्हा, त्याची दारं तासभर उघडी टाका.