चोवीस तास उपलब्ध असण्याचा सापळा

मानसशास्त्रात एमए संपवून थेरपीच्या इंटर्नशिपला लागलेली मुलं भेटली की ‘मला अटॅचमेंटवर, म्हणजे लहानपणी जवळच्या माणसाशी जडलेल्या नात्यावर, काम करायचंय’ हे हमखास ऐकू येतं. करा, जरूर करा. हा सिद्धांत मांडणारे बोल्बी, तो पुढे नेणाऱ्या एन्सवर्थ, बाळाला अनोळखी खोलीत थोडा वेळ आईविना ठेवून ती परतल्यावर ते कसं वागतं हे पाहणारा त्यांचा प्रयोग, हे सगळं तुमचं वाचून झालेलं आहे, मी ते उगाळत नाही. फक्त एक लक्षात असू द्या. तो प्रयोग साधारण १२ ते १८ महिन्यांच्या बाळांवर झाला आणि त्यात पाहिलं गेलं ते बाळाचं एका ठरावीक माणसाशी असलेलं नातं. तेच बाळ आईजवळ निर्धास्त आणि बापाजवळ बिचकून असू शकतं. मग पहिल्याच सेशनमध्ये क्लायंटवर ‘तुम्ही अव्हॉइडंट’, म्हणजे जवळीक टाळणारे, असा शिक्का मारायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? इन्स्टाग्रामवरच्या चाचण्यांनी हे खूळ वाढवलंय. लोक इनटेकलाच, म्हणजे माहिती घेण्याच्या पहिल्या भेटीतच, स्वतःचा अटॅचमेंटचा प्रकार सांगत येतात. ऐकून घ्या, पण निदान म्हणून लिहू नका.

आता मी जिथे अडकले ते सविस्तर सांगते, कारण मायाळू मुलं नेमकी तिथेच अडकतात. थेरपिस्टने क्लायंटला सुरक्षित आधार द्यायचा असतो, हे वाचून मी कायम हाकेच्या अंतरावर राहायचं ठरवलं होतं.

माझ्याकडे एक तरुण यायचा. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलतेय. मूळचा बीडकडचा, पुण्यात नोकरीला. आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळी उलटली की कोयता घेऊन निघायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे. हा आजीजवळ राहायचा. ‘आजीनं काही कमी पडू दिलं नाही,’ असं सांगायचा आणि ते खरंही होतं. त्याला पाठवलं होतं बायकोने. तिची तक्रार एवढीच की हा कधी काही मागत नाही, आजारी पडला तरी सांगत नाही. ह्याला पुन्हा कुणी सोडून गेल्यासारखं वाटू द्यायचं नाही, असं मी मनाशी घेतलं. रात्री अकराला मेसेज आला तरी उत्तर द्यायचे. सेशन लांबलं तर लांबू द्यायचे.

गणपतीत मी गावी गेले. परत आल्यावर तो म्हणाला, ‘तुम्ही घरच्यांत असणार, म्हणून त्रास नाही दिला.’ मी लगेच ‘अहो, त्रास कसला, केव्हाही मेसेज करा’ म्हणून मोकळी झाले. सेशनचा शब्दशः वृत्तांत वाचताना माझं काम तपासणाऱ्या सुपरवायझर मॅडम त्या ओळीवर थांबल्या. ‘वाट बघितली होती का त्याने? चिडला होता? विचारलंस?’ नव्हतं विचारलं. त्याचं जुनं दुखणं माझ्यासमोर, माझ्याचबद्दल वर आलं होतं आणि मी दिलासा देऊन ते परत दाबलं.

हे नीट समजून घ्या. निघालेल्या माणसाला अडवायचं नाही, आपण रडलो तरी ट्रक जाणारच, हे तो लहानपणीच शिकला होता. गरज दाखवलीच नाही तर नकारही मिळत नाही. त्या वयात ते शहाणपणच होतं. त्यावर ‘मी आहे ना’ हे आश्वासन पुरत नाही, आश्वासनं तर आईनेही दिली होती. त्याला अनुभव हवा असतो तो वेगळाच: मी दुखावलो, ते तोंडावर बोललो, आणि समोरचं माणूस रागावलं नाही, कोलमडलं नाही, निघूनही गेलं नाही. थेरपिस्ट कधी चुकलाच नाही, सुट्टीवर गेलाच नाही, तर हा अनुभव मिळणार कुठून? मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळांचे व्हिडिओ बारकाईने तपासले, तेव्हा चांगल्या जोड्यांतही सूर जुळलेला दिसला तो साधारण ३० टक्के वेळच. बाकीचा वेळ सूर चुकण्यात आणि पुन्हा जुळवण्यात जातो. बाळाचा विश्वास बसतो तो या पुन्हा जुळण्यामुळे.

पुढच्या सेशनला मी विषय काढला. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, ‘एकदा मेसेज टाइप केला होता. पुसला.’ त्या पुसलेल्या मेसेजवर आम्ही कितीतरी सेशन बोललो. पुढे कधीतरी त्याला रात्री ताप भरला तेव्हा त्याने बायकोला उठवलं. त्यांच्या संसारात हे पहिल्यांदा घडलं.

जोडप्यांबरोबर काम करायचं असेल तर स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात उभी केलेली इमोशनली फोकस्ड थेरपी शिका. एक जण मागे लागतो, दुसरा गप्प होतो, आणि तो जितका गप्प तितकी ती जास्त मागे लागते. चूक कुणाची याचा निवाडा न करता दोघांना ते चक्र दाखवायचं असतं. सासू-सुनेत, बाप-लेकातही हेच चक्र सापडतं.

आपल्याकडे ‘आई कशी होती?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. ‘लागलं-खुपलं की कुणाकडे पळत जायचात?’ असं विचारा. उत्तरात आजी येते, काकू येते, थोरली बहीण येते. कधी कधी कुणीच येत नाही, तेव्हा पुढचा प्रश्न घाईने विचारू नका.

वीकेंडच्या ऑनलाइन सर्टिफिकेटांना माझा ठाम विरोध आहे. भिंतीवर लावायला बरी दिसतात, क्लायंट गप्प बसला की उपयोगी पडत नाहीत. ते पैसे सुपरव्हिजनला ठेवा. सुपरवायझरचं नाव किती मोठं ते बघू नका, तो तुमचे वृत्तांत ओळ न् ओळ वाचतो का ते बघा. ‘छान चाललंय’ एवढंच म्हणणारा असेल तर बदला, कितीही जड गेलं तरी.

आणि चुकलात म्हणून क्लायंट कायमचा बिघडला असं समजून रात्र रात्र जागू नका. बहुतेक चुका पुढच्या सेशनमध्ये बोलता येतात. मात्र जिवाच्या धोक्याच्या बाबतीत ढिलाई नको. मेसेजला कधी उत्तर मिळेल, कधी नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा आणि लिहूनही द्या. त्याच कागदावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आणि घरातल्या एका माणसाचं नाव असू द्या. ते नाव क्लायंटला स्वतःच्या हाताने लिहू द्या. कुणाचं लिहायचं यावर तो अडला, तर पहिल्या सेशनचा उरलेला वेळ तिथेच द्या.