हिंडफिऱ्या आईची आठवण जपायची तर

आई गेली की घरात पहिला प्रश्न येतो फोटोचा. फ्लेक्सवाला मागतो, पेपरातल्या निधनवार्तेला लागतो, आणि कुणीतरी लगेच लग्नातला, दोन्ही खांद्यांवर पदर घेतलेला फोटो पुढं करतं. तुमची आई डोंगर हिंडणारी असेल तर इथंच थोडा वेळ मागून घ्या. आम्ही आईचा पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरचा फोटो दिला. भर पावसात, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली आणि तोंडभर हसू. चुलतीला तो पटला नाही. पण तिच्यासोबत चालणाऱ्या बायका फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही आमची बाई."

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. गेलेल्या बाईला लोक फार लवकर गुळगुळीत करतात. कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ. आमची आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, चाळिशी उलटल्यावर गड चढायला लागली, त्याच सुमाराला पाठीला ट्रॅक्टरची ट्यूब बांधून पंचगंगेत पोहायला शिकली. हट्टी होती, मागं राहणाऱ्याला ओरडायची. ती तशीच्या तशी आठवायची असेल तर खाली सांगते ती कामं करा.

आधी फोन, कारण त्याला उशीर चालत नाही. रिचार्ज बंद पडलं की काही महिन्यांत नंबर दुसऱ्या कुणाच्या नावावर जाऊ शकतो, आणि व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरलं नाही तर सहसा काढून टाकलं जातं. तेव्हा फोन चालू ठेवा, सिम काढू नका. तिच्याशी झालेलं तुमचं बोलणं उघडून 'चॅट एक्सपोर्ट' करा, मीडियासकट. घरातल्या प्रत्येकानं आपापल्या फोनवरून हेच करायचं. व्हॉइस मेसेजच्या फायलींना नावं द्या: तारीख, ठिकाण, कशाबद्दल. एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर. आईचा एक मेसेज आहे, त्यात निम्मा वेळ नुसतं वारं आहे. मग तिचा आवाज येतो, "ऐकू येतंय का गं? वारं लई हाय. भात लावून ठेव, आलेच." काटछाट करून असे मेसेज 'स्वच्छ' करू नका. ते वारंही तिचंच आहे.

मग माणसं. घरच्यांना आई घरातली माहीत असते. वाटेवरची आई माहीत असते ती सोबत्यांना. त्यांना दिवसकार्यात गाठू नका, तिथं सगळे ठरलेलं बोलतात. महिन्या-दोन महिन्यांनी घरी जा, एकेकाला वेगळं भेटा, विचारून फोनवर रेकॉर्ड करा. "आई कशी होती?" असं विचारलं की "फार चांगली" एवढंच मिळतं. त्यापेक्षा विचारा: वाट चुकला तेव्हा ती काय म्हणाली? कुठं घाबरली? कुणाशी भांडली? मला असंच कळलं की रांगणा किल्ल्याला जाताना ओढ्याला पाणी चढलेलं बघून तिनं सगळ्यांना परत फिरवलं होतं आणि परतीच्या वाटेवर ती रडली होती. घरी यातलं अक्षरही बोलली नव्हती. हे ऐकल्यावर ती मला आणखी मोठी वाटायला लागली.

सामानाची घाई करू नका. कपडे वाटा हवे तर. पण प्रवासाची पिशवी तशीच ठेवा आणि एका दुपारी सगळे बसून उघडा. खाली वर्तमानपत्र पसरा, एकेक वस्तू काढा, फोटो घ्या, ती कशाला लागायची ते लिहा. आईच्या सॅकमध्ये काडेपेटी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेली होती. सुई-दोरा, हळदीची पुडी, निम्मी जळालेली मेणबत्ती. आणि जुन्या ब्लाउजच्या कापडात बांधलेली मिठाची पुरचुंडी, जळवांसाठी. गाठ इतकी घट्ट की दादाला दातानं सोडवावी लागली. यादी झाली की सॅक वापरणाऱ्याला द्या. आमची भाचीनं घेतली. काचेच्या कपाटात मांडून ठेवणं आईला अजिबात आवडलं नसतं.

आता मुख्य काम: तिच्या वाटेनं चाला. कोल्हापूरकरांना पन्हाळा ते पावनखिंड ही वाट सांगायला नको. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले आणि १३ जुलै १६६० ला बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली, म्हणून जुलैत इथं गटच्या गट निघतात. पन्हाळ्यावरून उतरून मसाई पठार, मग वाड्यावस्त्या, मध्ये एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी खिंड. वर्षश्राद्ध तिथीनं घरी करा, त्यात खंड नको. पण ही चालही वर्षाची ठरवून टाका. वाटेत तिच्या ओळखीची घरं असतील तिथं थांबा, ती गेल्याचं स्वतःच्या तोंडानं सांगा. करपेवाडीच्या एका मावशींना आम्ही सांगितलं तेव्हा त्या काही न बोलता आत गेल्या आणि आईला द्यायच्या तसा कोरा चहा घेऊन आल्या. ज्यांनी तिला पाहिलंच नाही अशा एका-दोघांना दर वेळी सोबत घ्या. त्यांना सांगताना आपल्यालाच विसरलेलं आठवतं. वडीलधाऱ्यांना एवढं चालवत नसेल तर गाडीनं मसाई पठारावर न्या, पाऊस ओसरल्यावर, फुलं असतात तेव्हा. बाबा तिथंच येतात.

शिदोरी तिच्याच हातची हवी, म्हणजे तिच्या पद्धतीची. आमच्याकडं ज्वारीची भाकरी, खर्डा आणि गुळाचा खडा. खर्ड्याला मिरच्या, लसूण, शेंगदाणे तेलावर तव्यातच भाजून तांब्याच्या बुडानं रगडायचे. मिक्सर नाही.

तिच्या नावानं काही द्यायचं असेल तर कोल्हापुरात एक चांगली रीत आहे, पंचगंगा स्मशानभूमीला शेणी, म्हणजे गोवऱ्या, देण्याची. आम्ही त्या देतो. शिवाय भाचीच्या वर्गातल्या एका मुलीचा पन्हाळा-पावनखिंड मोहिमेचा खर्च उचलतो. फी, रेनकोट, बूट, सगळं. त्या मुलीला कुणाच्या नावानं ते सांगतो, फोटोला हार घालायला मात्र लावत नाही.

तुमच्याकडं पावनखिंड नसेल, गगनगड असेल, दाजीपूरचं जंगल असेल, नाहीतर नदीचा डोह. जिथं ती जायची तिथं जा. पावसाळी वाट असेल तर मीठ आणि जास्तीचे मोजे घ्या, आणि बूट मे महिन्यातच आणून रोज थोडे वापरायला लागा. नवे कोरे बूट घालून पन्हाळा उतरला तर मसाईला पोचेपर्यंतच टाचा सोलून निघतात.