ओटी इन्चार्ज झालात? आधी स्क्रब व्हायची सवय सोडा

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) नऊ वर्षं स्क्रब केलं, म्हणजे हात धुऊन, गाऊन घालून सर्जनशेजारी उभं राहून हत्यारं हातात दिली, आणि एका सोमवारी मॅट्रननी बोलावून सांगितलं, उद्यापासून इन्चार्ज तू. पगार किती वाढला ते विचारू नका. ड्युटीचं रोस्टर, सामानाचं इंडेंट, सीएसएसडीशी (हत्यारं निर्जंतुक करणारा विभाग) रोजची भांडणं, नार्कोटिक्सचं रजिस्टर, हे सगळं दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतं, त्याचं टेन्शन घेऊ नका.

फसाल ते भलतीकडेच. स्टाफ कमी पडला की आपणच स्क्रब होतो, हात बसलेला असतो, सर्जनलाही आपणच हव्या असतो, बरं वाटतं ना. मीही तेच केलं. दुपारी दोनला शिफ्ट बदलायची वेळ, मी शेजारच्या ओटीत गुडघ्याच्या केसला उभी, आणि इकडे पोटाच्या केसमध्ये फ्लोअरची मुलगी (स्क्रब न होता बाहेरून सामान देणारी, बोर्डावर काउंट लिहिणारी नर्स) तोंडी हँडओव्हर देऊन ऐरोलीची बस पकडायला पळाली. पाच मॉपचं (पोटात रक्त टिपायला वापरतात ते कापडी पॅड) एक पाकीट तिने उघडून दिलेलं, बोर्डावर लिहिलंच नव्हतं.

क्लोजरआधी, म्हणजे पोट शिवायच्या आधी, मोजले तर बोर्डावर दहा, मोजून चौदा. आता नीट वाचा हां. कमी आले असते तर सगळ्यांनी शोधाशोध केली असती. जास्त आले म्हणून सगळे निवांत, "आधीच्या केसचे राहिले असतील बादलीत". अहो, जास्त आलेला काउंटसुद्धा चुकलेलाच काउंट! चौदा पाचाच्या पाढ्यात कुठे येतात? म्हणजे पाकिटं तीन उघडली, म्हणजे पंधरा, म्हणजे एक आत. मावशींनी कचऱ्यातून तिसरं रिकामं पाकीट काढून दाखवलं तेव्हा उजेड पडला. मॉप आतड्यामागे सापडला, पोट बंद व्हायच्या आधी, पेशंट ठीक. मी दोन रात्री झोपले नाही.

डब्ल्यूएचओची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट 2008 ची, 19 मुद्दे, साइन आउटमध्ये, म्हणजे पेशंट थिएटरबाहेर न्यायच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यात, काउंट आहेच. आमच्या फाइलमध्ये त्यावर टिक होती, केस संपायच्या आधीच मारलेली. ऑडिट आलं की फायली रंगवायला शिकवणारे सीनियर भेटतील, त्यांच्यापासून लांब रहा.

सुरुवातीला रडू येतं, येऊ दे, सगळ्यांनाच येतं. पण दोन वाजता मी आता कुठल्याच केसला स्क्रब नसते, सर्जन रुसले तरी. जाणारी आणि येणारी दोघी बोर्डासमोर उभ्या राहून मोजतात, रिकामी पाकिटं क्लोजरपर्यंत टाकायची नाहीत. बस चुकली तर रिक्षाचे पैसे मी देईन असं सांगून ठेवलंय, आत्तापर्यंत तीनदा दिलेत.