रुग्णाला घरी सोडताना: डिस्चार्जचं नियोजन नव्याने शिकणाऱ्यांसाठी

"उद्या सोडूया" हे शब्द राउंडला कानावर पडले की नवीन सिस्टर आणि नवीन डिस्चार्ज कोऑर्डिनेटर या दोघांचीही एकच धांदल उडते. समरी (डिस्चार्जचा सारांश-कागद) टाइप करून घ्या, फार्मसीला कळवा, बिलाचं बघा, गाडी बोलवा. ही कामं लागतातच, पण आठवड्याभरात रुग्ण परत भरती होईल की नाही हे त्यांवर फारसं ठरत नाही. वॉर्डात तीन पाळ्यांतली माणसं जे करत होती ते घरी कोण करणार, कधी आणि कशाने, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

म्हणून तयारी भरतीनंतरच्या पहिल्या २४ ते ४८ तासांतच सुरू करायची. डिस्चार्जची अंदाजे तारीख फाइलवर लिहा, रोज राउंडनंतर ती तपासा आणि नातेवाइकांनाही सांगा. तारीख पुढेमागे झाली तरी फारसं बिघडत नाही. तारीखच सांगितली नसेल, तर पलंग आणणं, रजा काढणं, केअरटेकर शोधणं हे सगळं शेवटच्या दुपारी एकदम अंगावर येतं.

तीन रकान्यांचा कागद

कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: वेळ, काम, घरी कोण. पहिले दोन रकाने नर्सिंग चार्टवरून भरा. पक्षाघाताचा, राइल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी, अन्न म्हणजे फीड देण्याची नळी) आणि कॅथेटर (लघवीची नळी) असलेला, स्वतः कूस बदलू न शकणारा रुग्ण घेऊ. दर दोन तासांनी कूस म्हणजे १२ वेळा. फीड ६ वेळा, औषधं ४ वेळा, युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करणं ४ वेळा, तोंडाची स्वच्छता ३ वेळा, हातापायांचे व्यायाम २ वेळा. झाली ३१ कामं, आणि यात अंघोळ, चादर बदलणं, शी-शू आलेलंच नाही.

आता तिसरा रकाना. तिथे "घरचे" असं लिहून चालत नाही, माणसाचं नाव लागतं. रात्री २ वाजताच्या कुशीसमोर कोणाचं नाव आहे? सगळ्या ३१ ओळींत एकच नाव येत असेल तर ती योजना फार तर तीन-चार दिवस टिकेल. हे पाहिल्यावर कुटुंबाला "जमवा काहीतरी" असं सांगू नका. कामंच कमी करता येतात का ते आधी बघा. आठ-आठ तासांनी द्यायच्या गोळीऐवजी दिवसातून एकदा देण्याचं औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. रात्रीचं फीड दिवसा वाटून देता येईल का, हे आहारतज्ज्ञांना विचारा. चांगल्या गादीवर त्वचा शाबूत राहत असेल तर कुशीमधलं अंतर तीन-चार तासांपर्यंत नेता येतं, पण ते वॉर्डातच करून बघायचं आणि टाचा, माकडहाड, खुब्यांवर लाली येते का ते तपासायचं. बोटाने दाबल्यावरही न जाणारी लाली म्हणजे व्रणाची सुरुवात. एअर मॅट्रेस आणली की कूस बदलावी लागत नाही, हा गैरसमज मात्र लगेच खोडून काढा.

"समजलं ना?" हा प्रश्न विसरा

या प्रश्नाला सगळे "हो" म्हणतात. त्याऐवजी असं विचारा: "काका, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. आता फीड कसं द्यायचं ते तुम्ही मला करून दाखवा." चूक झाली तर दोष शिकवण्याकडे जातो, माणूस संकोचत नाही. एकदा बरोबर केलं म्हणून टिक करू नका. वेगवेगळ्या दिवशी निदान दोनदा, तुमचा हात न लागता, जमलं पाहिजे. आणि शिकवायचं ते रकान्यात ज्याचं नाव आहे त्याला. दुपारी भेटायला येणारा मुलगा सगळं शिकतो आणि घरी करणारी सून किंवा केअरटेकर वॉर्डात आलेलीच नसते, हा प्रकार फार होतो.

राइल्स ट्यूबचं फीड बघताना पुढचे टप्पे मनात ठेवा. हात धुणं. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. नळीवरची नाकपुडीजवळची खूण जागेवर आहे का. नळी नव्याने घातलेली असेल किंवा खूण सरकलेली वाटली, तर पोटातला थोडा द्रव ओढून पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणाऱ्या कागदी पट्टीवर) बघणं हा खात्रीचा मार्ग, ५.५ किंवा कमी आला तर नळी जठरात आहे असं धरतात. नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघणं किंवा हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावणं भरवशाचं नाही, जुन्या हाताचं कुणी शिकवत असलं तरीही. मग ३० मि.लि. पाणी, त्यानंतर फीड. सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरायची आणि फीड आपोआप उतरू द्यायचं, २०० मि.लि.ला १५ ते २० मिनिटं लागली पाहिजेत. घाईत दट्ट्या दाबला की उलटी होते आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती. शेवटी पुन्हा ३० मि.लि. पाणी, टोपण, आणि अर्धा ते एक तास रुग्ण तसाच टेकून. फीड चालू असताना ठसका, धाप, ओठ निळसर असं काही दिसलं तर त्याच क्षणी थांबवायचं. (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला दिवसाच्या पाण्यावर मर्यादा असते; फ्लशचं, म्हणजे नळी धुण्याचं, पाणीही त्यात धरा.)

नळी तुंबते ती बहुतेक गोळ्यांमुळे. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून फीडमध्येच कालवल्या जातात. प्रत्येक गोळी वेगळी, बारीक पूड करून, १० ते १५ मि.लि. पाण्यात, आणि दोन औषधांमध्ये थोडं पाणी. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो, आणि आतड्यात विरघळण्यासाठी लेप दिलेल्या गोळ्यांचा लेप कुटल्याने फुकट जातो. हे घरच्यांनी ओळखावं अशी अपेक्षा करू नका. ट्यूब असलेल्या रुग्णाच्या समरीतली प्रत्येक गोळी कुटता येते का, हे डिस्चार्जआधीच फार्मासिस्टकडून बघून घ्या आणि पर्याय लिहून घ्या. नळी निघून आली तर घरी परत आत सरकवायची नाही, हे कागदावर ठळक लिहा.

कॅथेटरसाठी थोडक्यात: पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता, दोन तृतीयांश भरली की रिकामी, नळी मांडीला पट्टीने बांधलेली. चार तासांत लघवी आली नाही आणि ओटीपोट फुगलं, तर आधी नळी दुमडली आहे का बघायचं, तसं नसेल तर लगेच फोन. कॅथेटर कधी बदलायचा ती तारीख समरीत हवीच. अनेक समरींमध्ये ती नसते.

औषधांच्या तीन याद्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या. पहिली यादी भरतीपूर्वी घरी चालू असलेल्या औषधांची, दुसरी वॉर्डातल्या औषधांच्या चार्टची, तिसरी समरीतली. तिन्ही शेजारी ठेवा आणि प्रत्येक औषधापुढे चारांपैकी एक शब्द लिहा: नवीन, बदललं, तेच, बंद. "बंद" हा रकाना बहुतेक समरींत नसतोच, आणि घरी जुन्या पट्ट्या डब्यात असतातच. मग रक्तदाबाची जुनी गोळी आणि वेगळ्या ब्रँडची तीच नवीन गोळी, दोन्ही सुरू राहतात. चौथ्या दिवशी रुग्ण बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतो. घरातला औषधांचा डबा एकदा वॉर्डात मागवा. नावं सांगण्यापेक्षा पट्ट्या समोर ठेवून "ही बाजूला, ही चालू" असं केलेलं डोक्यात राहतं.

उलट बाजूही बघा. भरतीच्या वेळी थांबवलेलं औषध परत सुरू करायचं राहून जातं. कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या सीटी स्कॅनसाठी मेटफॉर्मिन थांबवलं, शस्त्रक्रियेसाठी रक्त पातळ करणारी गोळी थांबवली, आणि समरी लिहिणाऱ्याने फक्त आजचा चार्ट उतरवला. तसंच वॉर्डापुरतं सुरू केलेलं, म्हणजे झोपेची गोळी किंवा ताणामुळे जठरात व्रण होऊ नयेत म्हणून दिलेली आम्लाची गोळी, घरी महिनोन्‌महिने चालू राहतं. हे निर्णय डॉक्टरांचे. तुमचं काम प्रश्न विचारण्याचं. "हे थांबवलं होतं, सुरू करायचं का, आणि कधी?" एवढा साधा प्रश्न.

मग प्रत्येक औषधापुढे तीन गोष्टी: कशासाठी, किती दिवस, वॉर्डातला शेवटचा डोस किती वाजता दिला. तिसरी लिहिली नाही, तर सकाळी १० ला दिलेली गोळी घरी पोचल्यावर पुन्हा दिली जाते. अँटिबायोटिकला शेवटची तारीख, स्टेरॉइडला कमी करत जाण्याचा तक्ता, वॉरफेरिनला (रक्त पातळ करणारी गोळी) आयएनआर तपासणीची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी चाचणी) तारीख. इन्सुलिन असेल तर कमी साखरेचं प्रात्यक्षिक: रक्तातली साखर ७० मि.ग्रॅ./डेसिलिटरच्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीत असेल, नीट गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, तरी कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही.

घर

"घर कसं आहे?" असं विचारलं तर "चांगलं आहे" असं उत्तर येतं. मापं मागा, मोबाइलवर फोटो मागा. व्हीलचेअरची एकूण रुंदी साधारण ६० ते ६५ सें.मी.; बाथरूमचं दार त्याहून अरुंद असेल तर वॉर्डातच कमोड-खुर्चीचा सराव सुरू करा. पलंगाच्या कडेवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. जिने असतील तर तेवढ्याच पायऱ्या फिजिओसोबत चढून-उतरून दाखवायच्या: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. पक्षाघाताच्या रुग्णाला उठवताना लुळा हात ओढायचा नाही, खांदा निखळतो. हे वाहनचालकाला आणि मदतीला येणाऱ्या शेजाऱ्यांनाही सांगायला लावा.

ऑक्सिजनवर जाणाऱ्यासाठी गणित स्वतः करा. सिलिंडरमध्ये १५०० लिटर वायू असेल आणि मिनिटाला २ लिटर लागत असेल तर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. प्रवाह ५ लिटर केला की तोच सिलिंडर पाच तासांत संपतो. शेवटचा भाग हिशेबात धरू नका. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) विजेवर चालतो, म्हणून जोडीला भरलेला सिलिंडर लागतोच, आणि वीज गेल्यावर नळी एकावरून दुसऱ्यावर कशी लावायची हे करून दाखवायला सांगा. सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) रुग्णासाठी ऑक्सिमीटरवरच्या ऑक्सिजनचं लक्ष्य साधारण ८८ ते ९२ टक्के असतं. हे सांगितलं नाही तर घरचे ऑक्सिमीटरवर ९८ बघायला प्रवाह वाढवत राहतात आणि कार्बन डायऑक्साइड साठून रुग्ण गुंगीत जातो. खोलीत दिवा, शेगडी, विडी-सिगारेट काही नाही.

परत कधी आणायचं

"त्रास झाला तर या" ही सूचना निरुपयोगी आहे. आकडा किंवा डोळ्यांना दिसणारी खूण द्या. हृदय निकामी होत असलेल्या रुग्णाला: रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन, तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढलं तर त्याच दिवशी फोन. जखमेसाठी: पू, वाढत जाणारी लाली, ताप. आणि लक्ष फक्त भरतीच्या आजारावर ठेवू नका. येल विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रमहोल्झ यांनी २०१३ मध्ये "पोस्ट-हॉस्पिटल सिंड्रोम" ही कल्पना मांडली: अपुरी झोप, कमी खाणं, अंथरुणाला खिळणं, वेदना आणि औषधांची गुंगी यांनी रुग्ण इतका खचलेला असतो की पुढचे काही आठवडे त्याला भलत्याच कारणानेही धोका असतो. न्यूमोनिया बरा होऊन गेलेला माणूस पडून मांडीचं हाड मोडून येतो, ते असं.

सोडण्याच्या दिवशी

सकाळी रुग्णाला झोपवून आणि मग उभं करून रक्तदाब घ्या. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवल्याशिवाय सोडू नका. हातातला कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घातलेली नळी) काढला का, ते बाही वर करून स्वतः बघा. कॅन्युलासकट घरी गेलेले रुग्ण दिसतात. कल्चरसारखे (जंतू शोधण्याच्या तपासणीचे) रिपोर्ट यायचे असतील तर ते कोण बघणार आणि कोणाला कळवणार, त्या डॉक्टरांचं नाव समरीत घाला. ड्रेसिंग, सिरिंज, युरोबॅग निदान तीन दिवसांच्या सोबत द्या. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, ऑक्सिजन किंवा ट्यूब असलेल्या रुग्णाला सोडायचा आग्रह होत असेल तर उपकरणं घरी पोचल्याचा फोन आल्याशिवाय हो म्हणू नका. एक बेड अडकला म्हणून बोलणी बसतील, ती ऐकून घ्या.

४८ ते ७२ तासांत फोन करा आणि "कसं आहे?" विचारू नका. विचारा: औषधांच्या पट्ट्या समोर घेऊन बसा, आज सकाळी कोणत्या दिल्या? काल रात्री कूस कितीदा बदलली, कोणी? लघवी किती झाली? कोणतं औषध मिळालं नाही? औषध मिळालं नसेल तर फार्मासिस्टला आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवून पर्याय घ्या, आणि बदललेला डोस घरच्या कागदावर त्यांच्याच हाताने लिहून घ्यायला सांगून परत वाचून घ्या.