क्रिकेटवाल्या मित्रांना बेसबॉलकडे आणायचं कसं आणि धरून ठेवायचं कसं

नाशिकमध्ये बेसबॉल बघणारी माणसं आहेत पण सुटी सुटी आहेत, कोणी इंदिरानगरला एकटाच मोबाइलवर बघतोय, कोणी सिडकोत, आणि बहुतेकांना घरी "हे काय विटीदांडू लावलंय सकाळी सकाळी" ऐकावं लागतं. त्यांच्यासाठीच लिहितोय. मेजर लीग बेसबॉलने (अमेरिकेतली बेसबॉलची सगळ्यात मोठी लीग) मागच्या काही वर्षांत आपले दुरावलेले प्रेक्षक बऱ्यापैकी परत आणले, त्यातलं काय आपल्याला आपल्या मित्रांवर वापरता येईल आणि त्यांनी अजून कुठं माती खाल्लीय ते पण. माझं ठाम मत आहे की माणूस होमरन (आपल्या सिक्ससारखा मैदानाबाहेर मारलेला फटका) बघून येतो पण टिकतो तो एखादी टीम त्याची झाली तरच, सगळी मेहनत तिथं लावायची.

आधी वेळेचं बघा, कारण निम्मी माणसं इथंच गळतात. न्यूयॉर्क, बॉस्टनकडची संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारला येते, त्या वेळेला नवीन माणसाला उठवलंत तर तो खेळावर नाही तुमच्यावर चिडेल. पण वेस्ट कोस्टच्या टीम, म्हणजे डॉजर्स, पाड्रेस, जायंट्स, मरिनर्स, ह्यांच्या घरच्या मैदानावरच्या रात्रीच्या मॅचेस आपल्या सकाळी पावणेसात-पावणेआठच्या आसपास सुरू होतात. त्यांची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवार सकाळ, आणि रविवारी सकाळी नाशिककर तसाही मिसळ खायला बाहेर पडणारच असतो ना, तर त्याला म्हणा मिसळ माझ्याकडे. सातपूर-अंबडला नाइट शिफ्ट करणारे मित्र असतील तर त्यांना तर हे फारच सोयीचं, सुटून आले की मॅच चालूच. आणि ज्यांना सकाळ जमत नाही त्यांच्यासाठी ईस्ट कोस्टची दुपारी एकची मॅच रात्री साडेदहाला असते, जेवणं उरकून बसता येतं.

पहिल्या दिवशी नियम शिकवत बसू नका, खरंच. इनफिल्ड फ्लाय आणि बॉक वगैरे किचकट नियम कोणी विचारले तरी पुढं ढकला. तीनच गोष्टी सांगा. एक, बॅटरसमोर हवेत एक न दिसणारा स्टंप आहे असं समज, खाली जमिनीवरच्या होम प्लेटची रुंदी 17 इंच, म्हणजे आपल्या 9 इंचाच्या स्टंपच्या जवळजवळ दुप्पट, आणि उंची साधारण गुडघ्यापासून छातीच्या खालपर्यंत, त्यातून बॉल गेला की स्ट्राइक, तीन स्ट्राइक झाले की आउट. दोन, बाहेर टाकलेले चार बॉल झाले की फुकट पहिली बेस (रनसाठी ओळीने गाठायच्या थांब्यांपैकी पहिला). तीन, तीन आउट झाले की बाजू बदलते, दोन्ही टीमची बॅटिंग झाली की एक इनिंग, आणि अशा नऊ. बस. बाकीचं मॅच बघता बघता कळतं. क्रिकेटवाल्याला चटकन पटणारी अजून एक गोष्ट म्हणजे अंतर, आपली खेळपट्टी 66 फूट आणि तिकडे पिचर (त्यांचा बॉलर) उभा असतो साडेसाठ फुटांवर, टप्पा पडत नाही आणि बॉल ताशी 150-160 किलोमीटरने येतो, बॅट गोल. हे ऐकलं की दहापैकी तीनदा हिट मारणाऱ्याला (म्हणजे बॉल मारून बेस गाठणाऱ्याला) तिकडे भारी बॅटर का म्हणतात ते वेगळं समजवावं लागत नाही.

आता कंटाळ्याचा मुद्दा. "लय स्लो आहे यार" हे ऐकायला मिळणारच. अमेरिकेतल्या लोकांचीही हीच तक्रार होती आणि ती खरी होती, 2022 मध्ये नऊ इनिंगची मॅच सरासरी तीन तास चार मिनिटं चालायची. 2023 ला त्यांनी पिच क्लॉक आणलं, बेसवर कोणी नसेल तर 15 सेकंदात बॉल टाकायचा, असेल तर 20 (पुढच्या वर्षी 18 केले), आणि मॅच एकदम दोन तास चाळीस मिनिटांवर आली. सोबत बेसची साइज 15 इंचाची 18 केली, पिचर बेसवरच्या रनरकडे किती वेळा वळू शकतो त्यावर मर्यादा घातली, तर चोरलेल्या बेस (पिचर बॉल टाकत असताना रनरने पळून गाठलेली पुढची बेस) एका सीझनमध्ये 2,486 वरून 3,503 वर गेल्या. त्या वर्षी मैदानावर येणारे लोक 2017 नंतर पहिल्यांदा 7 कोटींच्या वर गेले. आपल्याला हे नवीन नाही, कबड्डीत रेडला 30 सेकंद असतात आणि दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय, तो घड्याळाचा ताण आपल्या लोकांना आवडतोच, म्हणून मॅच लावली की स्क्रीनवरचं ते उलटं चालणारं घड्याळ आधी दाखवा. पूर्ण मॅच दाखवायचा हट्ट मात्र सोडा. नवीन माणसाला सातव्या इनिंगपासून बसवा आणि आधीचं हायलाइट्समध्ये दाखवा, मेजर लीगच्या यूट्यूब चॅनेलवर मिळतात.

क्लिप कुठली दाखवायची? डॉजर्सच्या शोहेई ओहतानीची, दुसरा विचारच करू नका. 2024 मध्ये 54 होमरन आणि 59 चोरलेल्या बेस, एका सीझनमध्ये 50-50 करणारा पहिलाच माणूस. आणि त्याहून भारी म्हणजे ऑक्टोबर 2025 ची मिलवॉकीविरुद्धची मॅच, स्वतः पिचिंग करून सहा इनिंगमध्ये एकही रन दिला नाही, दहा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट), आणि त्याच मॅचमध्ये तीन होमरन मारले. ऑलराउंडर म्हणजे काय हे आपल्या लोकांना सांगावं लागत नाही, ते बघून आपोआप सरसावून बसतात.

पण इथंच फसायला होतं. एका प्लेअरसाठी आलेला माणूस तो जखमी झाला की गायब होतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत प्रत्येकाने एक टीम निवडलीच पाहिजे असा नियम करा. 30 टीम आहेत, कारण काहीही चालेल. पुतण्या सिॲटलला नोकरीला आहे म्हणून मरिनर्स, टोपी आवडली म्हणून टायगर्स, कायम हरतात म्हणून कळवळा आला म्हणून रॉकीज, सगळं मान्य. पिट्सबर्ग पायरेट्सला तर आपल्याकडून एक हक्काचं कारण आहे, 2008 मध्ये पिचिंगच्या एका स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ह्या उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंना त्यांनी करारबद्ध केलं होतं. एकदा टीम घेतली की सीझनभर बदलायची नाही. 162 मॅचेस असतात, म्हणजे जवळजवळ रोज एक, आणि लोकांना हा आकडा घाबरवतो पण तुम्ही त्यांना सांगा की सगळ्या बघायच्या नसतात, सकाळी चहासोबत स्कोअर बघायचा, ग्रुपवर दोन शब्द टाकायचे, रविवारी एक मॅच बघायची. ही रोजची सवयच माणसाला धरून ठेवते, एखादी थरारक फायनल नाही.

मॅच बघताना हातात कागद-पेन द्या. मी तरी ह्याच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा बघितला नाही. फील्डरला नंबर असतात, पिचर 1, कॅचर (त्यांचा विकेटकीपर) 2, पहिली बेस 3, दुसरी 4, तिसरी 5, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) 6, मग आउटफिल्ड 7-8-9. शॉर्टस्टॉपने उचलून दुसरीला दिला, तिथून पहिलीला, म्हणजे एकाच बॉलवर दोन आउट, डबल प्ले, तर लिहायचं 6-4-3. स्ट्राइकआउटला इंग्रजी के (K), आणि बॅट न फिरवताच गेला तर के उलटा. शाळेतली पोरं हे पाच मिनिटात शिकतात आणि मग मोठ्यांच्या चुका काढायला लागतात, आणि जो स्कोअर लिहितोय तो मोबाइलमध्ये डोकं घालत नाही. घरातल्या बायकांना पण विचारा बरं का, आपल्याकडे शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेल्या कितीतरी जणी आहेत आणि त्यांना स्लाइड, टॅग, फोर्स आउट हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं, त्यांना फक्त कोणी विचारलेलं नसतं.

लीगने जी चूक केली ती आपण करायची नाही, ती म्हणजे बघणंच अवघड करून ठेवणं. आयोवा राज्यात मेजर लीगची एकही टीम नाही, तरी आजूबाजूच्या सहा टीमनी तो भाग आपापला म्हणून धरल्यामुळे तिथल्या पैसे भरणाऱ्या माणसालाही लीगच्याच ॲपवर त्या सहा टीमच्या मॅचेस वर्षानुवर्षं लाइव्ह दिसत नव्हत्या. मला ह्याचा मनापासून राग येतो, जो माणूस प्रेमाने दारात आलाय त्यालाच कडी लावायची. ह्याउलट सव्हाना बनानाजवाले (अमेरिकेतली करमणुकीचा बेसबॉल खेळणारी टीम) बघा, दोन तासांची मर्यादा, प्रेक्षकाने फाउल बॉल (रेषेबाहेर गेलेला फटका) झेलला तर बॅटर आउट, आणि घरच्या मैदानावर तिकिटातच खाणं. आपल्या पातळीवर ह्याचा अर्थ एवढाच की लिंक, लॉगिन, टीव्हीची वायर हे सगळं एकाच माणसाने आदल्या रात्री बघून ठेवायचं, आलेल्याला पहिली वीस मिनिटं गोल फिरणारं चाक दाखवायचं नाही. आणि लीगला खरंच भारतात माणसं हवी असतील तर मराठी-हिंदी कॉमेंट्री आणि आपल्या रात्री नऊला तासाभराची कापून केलेली मॅच द्यावी, आयपीएल लोक आपापल्या भाषेत ऐकतात मग हे का नाही.

ऑक्टोबरसाठी एक सूचना. वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची फायनल, आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आसपास सुरू होते, तेव्हा सुट्टी हाताशी ठेवा, 2025 ची तिसरी मॅच 18 इनिंग चालली, साडेसहा तासांच्या वर, इकडे दुपारचे बारा वाजून गेले तेव्हा डॉजर्सच्या फ्रीमनच्या होमरनने संपली. डबे घेऊन ऑफिसला निघालेली माणसं अशा वेळी दारात उभी राहून बघतात.

मग नोव्हेंबर ते मार्च रिकामा, आणि ग्रुप मरतो तो इथंच. ह्या काळासाठी आधीच ठरवून ठेवा. दुबईत बेसबॉल युनायटेड नावाच्या लीगचा पहिला सीझन नोव्हेंबर 2025 मध्ये सुरू झाला, त्यात मुंबई कोब्राज ही टीम होती, दुबई आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे म्हणजे झोपमोड नाही. आणि थंडीत नाशिकसारखी खेळायला हवा कुठं आहे, दोन ग्लोव्ह आणि एक बॉल घेऊन रविवारी जवळच्या मैदानावर नुसतं कॅच खेळा, क्रिकेटवाली पोरं विचारायला येतातच, त्यांना ग्लोव्ह द्या आणि पुढच्या रविवारची वेळ सांगा.