वाईनला द्राक्षाचा वास का येत नाही?

नाशकातल्या एका टेस्टिंग रूममध्ये नोकरी लागली, त्या पहिल्याच दिवशी माझ्यापुढे तीन ग्लास ठेवले आणि म्हणाले, "काय वास येतो ते लिही." मी तिन्हींपुढे 'द्राक्ष' लिहिलं. माहेर दिंडोरीचं, वडिलांची थॉमसनची बाग, लहानपण मण्यांच्या विरळणीत गेलेलं. द्राक्षाचा वास मला नाही तर कुणाला कळणार? सगळे खो खो हसले. ताज्या द्राक्षासारखा वास वाईनला क्वचितच येतो. मस्कॅट हा त्यातला ठळक अपवाद, बाकीच्या जाती दुसऱ्याच कशाची तरी आठवण करून देतात.

ते 'दुसरं काहीतरी' शोधताना माझं पहिलं वर्ष वाया गेलं, कारण मी पुस्तकातले शब्द पाठ केले. सोविन्यों ब्लां या पांढऱ्या वाईनच्या जातीपुढे 'गूजबेरी' लिहिलेलं असायचं. डिक्शनरीत पाहिलं तर आवळा. मग मी वर्षभर ग्लासात आवळा हुंगत बसले! ती युरोपातली गूजबेरी वेगळीच, आपल्या आवळ्याशी तिचं नातं फक्त नावापुरतं. सुटका झाली ती मंडईत. पिकत आलेला पेरू नाकाशी धरला आणि ट्यूब पेटली. पेरू, पॅशनफ्रूट आणि सोविन्यों ब्लां यांच्या वासात थायॉल नावाची गंधकयुक्त द्रव्यं सामाईक असतात. म्हणजे तो नुसता भास नव्हता.

तेव्हापासून माझा अभ्यास आईच्या ओट्यावर चालतो. वाट्यांमध्ये चिरलेली ढोबळी मिरची, पपनसाची साल, कुटलेले मिरे, लवंग, लिची, गुलाबाच्या पाकळ्या ठेवायच्या. डोळे मिटून बसायचं, वहिनी एकेक वाटी पुढे करणार. सोपं वाटतं ना? पहिल्यांदा मी लवंगेला दालचिनी म्हणाले. रोज दहा मिनिटं असं केलं की महिन्याभरात वासाला नाव सुचायला लागतं. नाक बहुतेकांचं ठीक असतं, नेमका शब्द तेवढा ओठांवर येत नाही. कॅलिफोर्नियातल्या संशोधक अ‍ॅन नोबल यांनी 1984 मध्ये वाईनच्या वासांचं जे चक्र, म्हणजे वासाच्या शब्दांचा गोल तक्ता, मांडलं, ते याच अडचणीवर. सगळ्यांनी एका वासाला एकच शब्द वापरावा, हा त्यामागचा हेतू.

आता द्राक्षाच्या जातींकडे. कॅबर्ने सोविन्यों या लाल वाईनला ढोबळी मिरचीची छटा असते ती पायराझिन या द्रव्यामुळे. घड पिकत जातात, त्यांना ऊन लागतं, तसं ते कमी होतं. म्हणून चांगलं ऊन खाल्लेल्या बागेच्या कॅबर्नेत ढोबळी शोधत बसू नका, काळ्या फळांकडे आणि तुरटपणाकडे लक्ष द्या. गंमत म्हणजे सोविन्यों ब्लां आणि कॅबर्ने फ्रांक हे कॅबर्नेचे आईबाप, हे 1997 मध्ये डीएनए तपासणीतून कळलं. हिरवट वास तिन्हींत सापडतो तो घराण्याचाच. गेवुर्झट्रामिनर सगळ्यात सोपी, लिची आणि गुलाब थेट अंगावर येतात. शिराझ ही लाल वाईन म्हणजे मिरे. पण इथे एक सांगून ठेवते. मिऱ्याचा तो वास रोटुंडोन या द्रव्याचा, आणि साधारण पाचातल्या एकाला तो येतच नाही. आमच्या बॅचमधली एक मुलगी यावरून रडकुंडीला आली होती. तिची काहीच चूक नव्हती.

शेनिन ब्लां नाशकात भरपूर, आणि नवशिके फसतात तेही तिथेच. कोवळ्या शेनिनला केळ्याचा वास आला की ते वहीत 'शेनिन म्हणजे केळं' असं लिहून मोकळे होतात. तो वास बऱ्याचदा थंड तापमानात आंबवताना तयार होतो, दुसऱ्या पांढऱ्या वाईनलाही येतो. व्हॅनिला आणि खरपूस वास ओकच्या पिंपाचे. लोण्यासारखा वास आला तर तो जीवाणूंनी केलेल्या दुसऱ्या आंबवणीचा. शार्दोने स्वतः बऱ्यापैकी अबोल द्राक्ष, लोक तिचं म्हणून जे वर्णन करतात त्यातलं निम्मं पिंपाचं असतं. हे सगळं वजा करून उरेल ते जातीचं. आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बूच खराब आहे, बाटली बाजूला ठेवा.

एका वेळी एकच ग्लास घेऊन कुणी काही शिकत नाही. दोन शेजारी ठेवा, शेनिन आणि सोविन्यों, किंवा शिराझ आणि कॅबर्ने. फरक नाकाला लगेच कळतो, वर्णन मागून येतं. चौघींनी मिळून बाटली घेतली की खर्चही झेपतो. आधी न हलवता हुंगा, मग ग्लास फिरवून हुंगा, आणि पहिल्या काही सेकंदांत सुचेल ते लिहा, कारण नाक त्याच वासाला फार लवकर सरावतं. घोट तोंडात घोळवून थुंका. थुंकायची लाज मला सहा महिने वाटली, पण सकाळी अकराला वीस वाईन चाखायच्या असतील तर दुसरा मार्ग नाही. त्या दिवशी केसांत मोगऱ्याचा गजरा माळू नका. मी माळला होता, तेव्हा त्या सकाळी आख्ख्या टेबलाला प्रत्येक वाईन मोगऱ्याचीच लागली.

डोळेही फसवतात. बोर्दोमध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पांढऱ्या वाईनमध्ये लाल रंग मिसळून 54 विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. मी हे वाचून हसले. मग वहिनीने स्टीलच्या पेल्यांत, थंड करून, दोन वाईन पुढे केल्या. एक होती शिराझ. माझ्या वहीत तिच्यापुढे अजून 'पपनस' लिहिलेलं आहे.